काचेवरचे पाणी

घरातील ज्या वस्तू आपण रोज वापरतो त्यांच्याविषयी आपल्याला थोडे ठाऊक असते, आणि ज्या क्वचित वापरतो त्यांच्याविषयी बहुधा काहीच ठाऊक नसते. मोटारीच्या पुढच्या काचेवर पाणी उडविणारी जी एक लहानशी व्यवस्था असते, ती या दुसऱ्या वर्गातील. इंजिनाची काळजी सगळेच वाहतात. टायरांतील हवा पाहतात, बॅटरीत पाणी घालतात. परंतु गाडी घेताना या व्यवस्थेची कोणी चौकशी करीत नाही, आणि विकताना तिची कोणी किंमत लावीत नाही. तिला धड मराठी नावही नाही. सारे तिला ‘वॉशर’ म्हणतात. आणि नटबोल्टाखालच्या चकतीलाही वॉशरच म्हणत असल्यामुळे, वॉशर मागितला की दुकानदार हमखास मूठभर चकत्याच काढून पुढे ठेवतो!

आमच्याकडे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, ती घेतली. त्या काळी मोटारीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहावी लागे. त्यामुळे गाडी दारात आली तेव्हा घरात मुंज असावी तशी वर्दळ झाली होती, असे सासूबाई सांगत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीची ही गाडी तयार होई. ‘फियाट अकराशे’ हे तिचे मूळ कुळ. १९७४ साली तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि समोर तिघे ऐसपैस बसतील असे सलग बाकडे. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती त्यानंतरही धावत राहिली. पण वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तिथूनही ती निवृत्त झाली. आता ती राहिली आहे ती आमच्यासारख्यांच्या अंगणात, आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या देवडीत.

१९८४ साली मी सून होऊन बऱ्हाणपुरात आले, आणि वर्षभरातच नानांनी मला असीरगडच्या रस्त्यावर गाडी चालवायला शिकविले. गावात त्याची चर्चा झाली. नानांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांचा पहिला धडा क्लचचा नव्हता, ब्रेकचाही नव्हता. हातात ओले फडके देऊन ते म्हणाले, “सूनबाई, आधी काच. दिसलं तर चालवाल.” गाडी बाहेर काढण्यापूर्वी काच पुसण्याचा हा रिवाज आमच्या घरी आजतागायत पाळला जातो.

काचेचा हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. अमेरिकेतील अलाबामा प्रांतातल्या मेरी अँडरसन या बाई न्यूयॉर्कमध्ये ट्रामने चालल्या असता, बर्फाळ पावसात समोरचे दिसावे म्हणून चालकाला काच उघडून बसावे लागते आहे, हे त्यांनी पाहिले. आतून दांडा फिरवून काच पुसता यावी अशी युक्ती त्यांनी योजिली, आणि १९०३ च्या नोव्हेंबरात त्यांना तिचे पेटंट मिळाले. तोच वायपरचा उगम. काचेवर पाणी उडविण्याची सोय गाड्यांत येऊ लागली ती त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी. मधल्या काळात लोकांना जो अनुभव आला असेल तो कोणालाही घेता येईल : धूळ बसलेल्या काचेवर कोरडा वायपर फिरवून पाहावा. मळ निघत नाही, तो पसरतो. आणि धुळीतले वाळूचे कण काचेवर कायमच्या रेघा ओढून ठेवतात. वायपरला पाण्याची जोड नसेल तर तो उपकारापेक्षा अपकारच अधिक करतो.

हे ज्ञान मला पुस्तकातून झाले असते तर बरे होते. ते झाले इच्छापूरजवळच्या रस्त्यावर. दर श्रावणात नानांना मुक्ताईच्या दर्शनाला नेण्याचा आमचा परिपाठ आहे. नानांनी नव्वदी ओलांडली आहे. दृष्टी बरीच मंदावली आहे. पण कोथळीचे देऊळ आणि चांगदेवचा तापी-पूर्णेचा संगम यांची ओढ कमी झालेली नाही. त्या वर्षी परतताना उशीर झाला. महाराष्ट्राची हद्द मागे पडली, डाव्या-उजव्या बाजूच्या केळीच्या बागा काळोखात बुडू लागल्या. पाऊस थांबला होता, पण रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल होता. समोरून केळीने भरलेला ट्रक आला आणि त्याच्या चाकाखालचे सगळे डबके आमच्या काचेवर आले.

वायपर सुरू केला. ओल्या काळ्या मातीचा गुण ठाऊक असलेल्यांना पुढचे सांगायला नको : क्षणात सबंध काचेवर एकसारखा लेप बसला. त्याच वेळी ट्रकाच्या मागून येणाऱ्या गाडीचे दिवे त्या लेपावर पडले आणि समोर पिवळ्या प्रकाशाखेरीज काही उरले नाही. मी डॅशबोर्डाखालचा वॉशरचा दट्ट्या दाबला; एकदा, दोनदा, पाच वेळा. थेंबही आला नाही. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. आमचा वेग त्याहून कमी होता, तरीही ते अंतर मला अजून आठवते. शेजारी नाना होते, मागे आठ वर्षांचा नातू. बाजूच्या खिडकीतून डोके काढून, रस्त्याची कड पाहत मी गाडी उभी केली. पिण्याच्या पाण्याची बाटली काचेवर ओतली, आणि इच्छादेवीच्या टेकडीवरचा दिवा पुन्हा दिसू लागला. नानांनी फक्त एवढेच विचारले, “पाणी नाही आलं?”

खरे तर ते यायला हवे होते. पावसाळ्यापूर्वीच गावातील एका गॅरेजमध्ये वॉशर दुरुस्त करून घेतला होता, आणि पाणी उडते आहे हे स्वतः पाहूनच मी पैसे दिले होते. दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन आला. “आई, आता पुरे. गाडी काढून टाक. पाण्यासाठी जीव धोक्यात घालायचा का?” त्याच्या काळजीत चूक काहीच नव्हती. गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, ती मुदतही हिवाळ्यात संपणार होती. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या व मुळात मोठा बदल न केलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमानुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पण आमच्या गाडीला तो मान २०२९ पूर्वी मिळायचा नाही. मी त्याला म्हटले, “महिनाभर दे. पाणी का आलं नाही हे मला कळलं नाही, तर तू म्हणशील तसं करू.” पस्तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविलेल्या बाईने कारण शोधल्याविना निकाल द्यावा, हे मला पटेना.

बॉनेट उघडून पाहिले तर ही सारी यंत्रणा केवढी साधी! एका कोपऱ्यात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली. तिच्या तळापर्यंत गेलेली नळी; नळीच्या टोकाला बारीक जाळी आणि एकमार्गी व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी वर जाऊ देणारा पण खाली न येऊ देणारा. तिथून नळी दट्ट्याच्या पंपाला. पंपापासून दुसरी नळी बॉनेटच्या मागच्या कडेपर्यंत. तिथे तिला इंग्रजी टी अक्षरासारखा दुफाटा, आणि दोन फाट्यांच्या टोकांना काचेकडे तोंड केलेल्या दोन पितळी नोझल. त्यांचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे. मूळचे यांतले किती आणि मागाहून बसविलेले किती, याचा हिशेब पंचेचाळीस वर्षांनंतर कोण ठेवणार?

एवढ्या साध्या रचनेत दोष शोधण्याचा मार्गही साधाच असतो. फक्त तो शेवटाकडून सुरुवातीकडे चालत यावा लागतो. प्रथम बाटलीत पाणी आहे ना ते पाहावे. मग नोझलजवळची नळी उपसून दट्ट्या दाबावा. मोकळ्या नळीतून पाणी जोराने आले, तर दोष नोझलमध्ये. नाही आले, तर एक पायरी मागे सरकून दुफाट्याशी तेच करावे, मग पंपाशी, मग बाटलीशी. जिथे पाणी भेटते तिथून पुढचा तुकडा दोषी. आमच्याकडे तीन दोष निघाले. दोन्ही नोझल बंद होत्या. इंजिनाच्या उष्णतेने नळी कडक होऊन, पत्र्याच्या भोकातून आत येते तिथे तडकली होती. आणि बाटलीतला व्हॉल्व्ह उघडाच राहत होता. त्यामुळे दट्ट्या सोडला की नळीतले पाणी परत बाटलीत उतरे, आणि पुढच्या वेळी दहा वेळा दाबल्यावाचून ते वर येत नसे.

तिन्ही दोषांत मुख्य नोझलचा. भिंगाखाली धरून पाहिले तो छिद्रात पांढरा दगड बसलेला. गॅरेजमध्ये तो पोलादी सुईने टोचून मोकळा केला असावा, कारण पितळेवर ओरखडे ताजे होते; सुटलेली खपली पुन्हा तोंडाशी येऊन अडकली होती. शिवाय बाटली भरली होती ती बोअरच्या पाण्याने.

हा पांढरा दगड आमच्या गावच्या प्रत्येक गृहिणीच्या ओळखीचा आहे. तांब्याच्या बंबात, हीटरच्या कांडीवर, पाणी तापविण्याच्या पातेल्याच्या बुडाशी तोच साठतो. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेते, सौम्य आम्ल होते, आणि वाटेतला चुना विरघळवून आपल्याबरोबर आणते. तोवर ते नितळ दिसते. पण ते तापले, किंवा उघड्या हवेत आले, की तो वायू निघून जातो आणि चुन्याला पाण्यात राहता येत नाही; तो जिथे असेल तिथे बसतो. बॉनेटखाली दोन्ही गोष्टी घडतात : पाणी तापते, आणि नोझलच्या तोंडाशी राहिलेला थेंब दररोज सुकतो. प्रत्येक थेंब आपल्यामागे धुळीच्या कणाएवढा चुना ठेवून जातो. टाचणीएवढे छिद्र बुजायला असे किती थेंब पुरत असतील?

त्या नोझल टेबलावर ठेवून पाहत असता मला कुंडी भंडाऱ्याची आठवण झाली. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगते. जहांगीराच्या काळी, १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानान बऱ्हाणपुरास असताना तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने गावाला पाणी देण्याची एक योजना केली. सातपुड्यात मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत असते, हे त्याने हेरले. ते झरे अडवून भुयारांत घेतले, आणि केवळ उताराच्या बळावर गावात आणले. पंप नाही, मोट नाही. भुयारांवर ठराविक अंतराने हवा-उजेडासाठी विहिरींसारख्या कुंड्या. एका ओळीत शंभरावर. सरहद्दीवरच्या लष्करी गावाला शत्रूने नदीत विष कालविले तरी पाणी मिळावे, हा त्यातला एक हेतू सांगतात. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले. मी मुलींना घेऊन कितीदा तरी तिथे गेले आहे. पाळण्याने कुंडीत उतरले की घोट्याभर पाण्यातून चालता येते, आणि दिव्याच्या प्रकाशात भुयाराच्या भिंती शुभ्र दिसतात. मुलींना तो संगमरवर वाटे. तो संगमरवर नव्हे. तो आमच्या बंबातला, आणि माझ्या नोझलमधला, चुनाच. चार शतके पाणी वाहिले आणि भिंतीवर थर चढत गेले. ज्या झिरपणाऱ्या फटींतून पाणी भुयारात येते त्याही तो बुजवीत आणतो. शिवाय वरचे जंगल कमी झाले आणि गावागावांत बोअर झाले. एके काळी अशी आठ भंडारे बऱ्हाणपुरास पाणी देत. आज त्यांतले थोडेच वाहते आहे. माझ्या टेबलावरच्या नोझलला जे पाच-सात वर्षांत झाले, ते त्या भुयाराला चारशे वर्षांत होत आहे, एवढाच फरक.

फरक आणखी एक आहे. नोझल हाती घेऊन धुता येते. कपभर गरम पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळविले आणि दोन्ही नोझल त्यात सोडल्या. लगेच बारीक बुडबुडे येऊ लागले. चुन्यात अडकलेला तो वायू पुन्हा सुटत होता. नातू शेजारी बसून बुडबुडे मोजत होता. अर्ध्या तासाने विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार काढून छिद्रातून हलकेच फिरविली, साध्या पाण्याने धुतले, फुंकर मारली. आरपार! पोलादी सुई वापरू नये. पितळ मऊ असते, छिद्र एकदा मोठे झाले की धारेचा जोर जातो तो परत येत नाही. जालीम ॲसिडही वापरू नये. ते चुन्याबरोबर पितळेतले जस्तही खाते.

नळी आणि दुफाट्यासाठी मी आमच्या जुन्या मिस्त्रीकडे गेले. सत्तरी उलटलेले हे चाचा नानांच्या काळापासून आमच्या गाडीचे वैद्य. आता दुकान नातवाच्या हाती दिले आहे, पण बाहेर खुर्ची टाकून बसतात. ते म्हणाले, “बाई, बिजली का काम जल्दी होता है, पानी का काम सब्र से.” आणि त्यांनी मला मोटारीच्या सुट्या भागांच्या नव्हे, तर ठिबक सिंचनाच्या दुकानात पाठविले. बऱ्हाणपूरपासून रावेर-जळगावपर्यंतची केळी आज ठिबकवर उभी आहे. बारीक नळ्या, त्यांचे दुफाटे, जाळ्या, सारे तिथे मापाने मिळते. दुकानदाराने माझी अडचण ऐकली आणि हसून म्हणाला, “मावशी, आमच्या शेतकऱ्यांचं पण हेच दुखणं. ड्रिपरमध्ये चुना बसतो. म्हणून आम्ही लाइन ॲसिडने धुवायला सांगतो.” दुफाटा तिथला घेतला. नळी मात्र चाचांनी जाड रबराची, तेला-उष्णतेला टिकणारी दिली. सलाइनची नळी अनेकजण लावतात. ती स्वस्त असते, पण बॉनेटखाली दोन उन्हाळ्यांत पिवळी पडून तडकते. पत्र्याच्या भोकात रबरी कडे घातले, म्हणजे धार नळीला कापणार नाही. नवा व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून पाहिला : एकीकडून वारा जावा, दुसरीकडून मुळीच जाऊ नये. चाचांनीही एकदा फुंकून पाहिला आणि मान डोलावली.

शेवटचे काम नेम धरण्याचे. नोझलचे तोंड असे वळवावे लागते की, उभ्या गाडीत धार वायपर पुसतो त्या भागाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात पडावी. चालत्या गाडीत समोरचा वारा धारेला खाली दाबतो. उभ्या गाडीत मधोमध मारणारी धार वेगात काचेच्या तळाशी पडते आणि वाया जाते. आणि बाटलीत पाणी कोणते भरावे, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. बोअरचे नको, त्यात साबण टाकला तर चुन्याशी त्याचा साका होऊन जाळी भरते. आम्ही पावसाळ्यात पत्र्यावरून पहिल्या सरी वाहून गेल्यानंतरचे स्वच्छ पाणी कॅनमध्ये भरून ठेवतो. ते संपले की एअर कंडिशनरच्या नळीतून गळणारे पाणी चालते, किंवा बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर. या पाण्यात चुना नसतो, म्हणून मागे काही राहत नाही.

सगळ्याचा खर्च दीडशे रुपयांच्या आतच झाला. मुलाला फोन करून तिन्ही दोष सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, आणि मग विचारले, “दर महिन्याला तपासशील?” मी हो म्हटले. हिवाळ्यात गाडीची तपासणी झाली आणि आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली. त्याने पुन्हा विकण्याचा विषय काढलेला नाही. आता पुण्यातल्या त्याच्या नव्या गाडीत तो कोणते पाणी भरतो, हे मीच त्याला विचारते.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नातू बॉनेट उघडतो, बाटली भरतो आणि दट्ट्या दाबतो. त्या वेळी नाना अंगणातल्या खुर्चीवरून उठून गाडीत पुढच्या बाकड्यावर येऊन बसतात. काच त्यांना आता धूसरच दिसते, धुतली काय आणि न धुतली काय. पण पाणी काचेवर आदळल्याचा आवाज त्यांना बरोबर ऐकू येतो. तो दोन्ही बाजूंनी आला का, हे ते कान देऊन ऐकतात. परवा एका बाजूचा आवाज त्यांना बारीक वाटला. नोझल काढून पाहिली, तर जाळीतून सुटलेला केसाएवढा कचरा तोंडाशी निघाला. तो काढून पुन्हा दट्ट्या दाबला, तेव्हा “आता ठीक” असे म्हणून ते हळूहळू उतरले आणि घरात गेले.